भीती संगणकाची की नोंदवहीची?

शहाद्याहून म्हसावद आणि राणीपूर मागे टाकून सातपायरीचा घाट चढला की तोरणमाळचे पठार लागते. प्रवासी येथे येतात ते यशवंत तलाव व सीताखाई पाहावयास, आणि महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरामुळे प्रस्तुत लेखकाला या परिसरातील पाड्यांवर काही दिवस राहण्याचा योग आला. तेथील एका प्राथमिक शाळेत (तिचे नाव येथे अप्रस्तुत आहे) वर्गाच्या कोपऱ्यात, टेबलावर, फुलाफुलांच्या कापडाची झूल पांघरलेला एक संगणक होता. झूल स्वच्छ धुतलेली होती. संगणक मात्र कधी सुरू झाल्याची चिन्हे दिसत नव्हती. गुरुजींना सहज विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "सर, बिघडला तर भरून कोण देणार?"

ग्रामीण शिक्षक संगणकाला बिचकतो असे आपल्याकडे वारंवार म्हटले जाते, आणि त्याचे कारणही ठरलेले असते. तो जुन्या वळणाचा आहे, त्याला इंग्रजी येत नाही, नवे शिकण्याची त्याची वृत्ती नाही, असे शहरातील चर्चासत्रांत ऐकू येते. याच निदानावर विसंबून गेली पंचवीस वर्षे प्रशिक्षणांचे काढे पाजले जात आहेत. तथापि हे निदान मुळातच चुकले आहे असे मला वाटते. ज्या गुरुजींनी संगणकावरील झूल काढली नव्हती, तेच गुरुजी त्या सकाळी टेकडीच्या ज्या टोकाला मोबाइलची लहर मिळते तेथे जाऊन, उन्हात उभे राहून, शाळेची माहिती भरून आले होते. परवलीचे शब्द, आधार क्रमांकांची पडताळणी, छायाचित्रांचा आकार लहान करणे, यांतले काहीही त्यांना अवघड वाटत नव्हते. यंत्राला घाबरणाऱ्या माणसाची ही लक्षणे नव्हेत.

मग भीती कशाची आहे? गुरुजींच्या उत्तरातच ते आले आहे. प्रत्येक शाळेत जडवस्तूंची एक नोंदवही असते. खुर्ची, फळा, घंटा, तिजोरी यांच्या पंगतीत संगणकाचीही नोंद तीत होते, आणि ज्याच्या ताब्यात वस्तू तो तिला जबाबदार, हा सरकारी हिशेबाचा जुना दंडक आहे. निष्काळजीपणाने वस्तू गेली वा बिघडली तर वसुली त्याच्याकडून. लोखंडी तिजोरीच्या बाबतीत हा दंडक शहाणपणाचा आहे, कारण तिजोरी न वापरता पन्नास वर्षे टिकते आणि वापरूनही पन्नास वर्षे टिकते. संगणकाची गोष्ट अगदी निराळी आहे.

व्यापारी हिशेब आणि सरकारी हिशेब यांतील फरक येथे पाहण्यासारखा आहे. चाळीस हजार रुपयांचा संगणक एखाद्या व्यापाऱ्याने घेतला, तर आयकराच्या नियमांप्रमाणे त्यावर दरसाल ४० टक्के घसारा धरता येतो. एका वर्षाने त्या संगणकाची वहीतील किंमत चोवीस हजार होते, दोन वर्षांनी चौदा हजार चारशे, आणि पाच वर्षांनी ती जेमतेम तीन हजारांवर येते. आपल्या देशाचा कायदाच व्यापाऱ्याला सांगतो की, बाबा रे, ही झिजणारी, शिळी होणारी वस्तू आहे, तेव्हा ती लवकर वापरून घे. हाच संगणक तोरणमाळच्या पाड्यावर गेला की शाळेच्या नोंदवहीत तो दहा वर्षांनंतरही चाळीस हजारांचाच राहतो. त्याला वहीतून काढून टाकण्याच्या प्रक्रियेला कार्यालयीन भाषेत निर्लेखन म्हणतात. प्रस्ताव, समिती, मूल्यांकन व मंजुरी अशा पायऱ्या चढून हे निर्लेखन होईपर्यंत शिक्षकाची बदली झालेली असते, आणि नवा शिक्षक कार्यभार घेताना त्या मृत यंत्रावर सही करून त्याचे दायित्व पत्करतो. वापरला तर बिघडण्याचा संभव आहे आणि न वापरला तर कोणी विचारत नाही, अशा स्थितीत कोणताही विवेकी माणूस जे करील तेच गुरुजींनी केले. त्यांनी झूल शिवून घेतली. त्यांच्या जागी प्रस्तुत लेखक असता तर त्यानेही शिंप्याकडेच धाव घेतली असती!

संगणक आणि शिक्षक यांची आपल्या राज्यात गाठ कशी पडली, त्याचा इतिहासही या भीतीला पोषक आहे. देशात १९८४ साली 'क्लास' या नावाचा केंद्रीय प्रकल्प सुरू झाला आणि निवडक माध्यमिक शाळांत बी.बी.सी. मायक्रो जातीचे संगणक आले. पण सर्वसाधारण शिक्षकाला त्यांची झळ वा लाभ काहीच पोचला नाही. खरी गाठ पडली ती एम.एस.-सी.आय.टी.मुळे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोचला. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. लक्षावधी सामान्य मराठी माणसांनी आयुष्यात प्रथमच माऊस हातात धरला तो या वर्गांत, आणि गृहिणींपासून निवृत्तांपर्यंत अनेकांच्या मनातील दडपण त्यामुळे उतरले. परंतु शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यापाशी तो अभ्यासक्रम आला तो सक्तीचे रूप घेऊन. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली. त्या मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखण्याचा व दिलेल्या वेतनवाढी वसूल करण्याचा विषय त्यानंतर कित्येक वर्षे शिक्षक संघटनांच्या निवेदनांत आणि न्यायालयांच्या फाइलींत फिरत राहिला. म्हणजे शिक्षकाच्या मनात संगणक या शब्दाशी पहिली जोड जडली ती वसुलीची. जडवस्तूंच्या वहीने तीच जोड पक्की केली.

आल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली आत्मविश्वासाविषयी जी मांडणी केली, ती अध्यापकवर्गाला परिचित असेल. एखादे काम आपल्याला जमेल असा विश्वास माणसाला चार वाटांनी येतो असे त्याने दाखविले. पहिली व सर्वांत बळकट वाट स्वतः ते काम करून पाहण्याची, चुकत-सावरत यशापर्यंत जाण्याची. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहण्याची. तिसरी, इतरांनी दिलेल्या धीराची. आणि चौथी, त्या वेळच्या आपल्या शरीरमनाच्या अवस्थेची, म्हणजे धास्ती आहे की स्वस्थता आहे याची. आपल्या प्रशिक्षणांची सारी भिस्त तिसऱ्या वाटेवर आहे. व्यासपीठावरून धीर दिला जातो, प्रमाणपत्र दिले जाते आणि चहा होतो. पहिली वाट मात्र बंद, कारण चुकण्याची मुभा नाही. चौथीचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

माध्यमिक शाळांतील कथा थोडी वेगळी आहे. तिचे तात्पर्य मात्र तेच निघते. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना आणली, आणि महाराष्ट्राने ती 'बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतर करा' या पद्धतीने राबविली. कंत्राटदार कंपनीने संगणक बसवावयाचे, निदेशक नेमावयाचे, पाच वर्षे प्रयोगशाळा चालवावयाची आणि मग ती शाळेच्या स्वाधीन करावयाची. पूल वा रस्ता बांधताना या पद्धतीला अर्थ असतो, कारण हस्तांतराच्या दिवशी पुलाचे पुष्कळ आयुष्य उरलेले असते. संगणकाचे उपयुक्त आयुष्यच पाच वर्षांचे. शाळेच्या पदरी पडले ते जुने झालेले सांगाडे, आणि ते ज्याला चालविता येत होते तो निदेशक करार संपताच घरी गेला. त्या पाच वर्षांत शाळेतील कायम शिक्षकाने त्या खोलीत पाऊल ठेवण्याची गरज पडली नाही. ते काम दुसऱ्याचे होते, किल्लीही दुसऱ्याकडे होती.

मग शिक्षकाच्या हाती संगणक प्रत्यक्षात कोणत्या कामासाठी आला? वर माहिती पाठविण्यासाठी. २०१५ पासून 'सरल' प्रणाली आली, पुढे 'यू-डायस प्लस' आले, आणि डिसेंबर २०२३ पासून मुलांची रोजची हजेरीही भ्रमणध्वनीवरून कळविण्याचे आदेश निघाले. विद्यार्थ्यांच्या आधार पडताळणीशी संचमान्यता जोडली गेल्यामुळे मुलाच्या नावातील एका वेलांटीचा फरक शिक्षकाचे पद अडचणीत आणू शकतो. नंदुरबार जिल्ह्याला हे सारे विशेष जवळचे. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटली गेली ती याच जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. माहिती गोळा करण्याच्या बाबतीत हा जिल्हा असा सर्वांच्या पुढे राहिला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता मात्र ६४ टक्क्यांच्या आसपासच होती. माहिती गोळा करूच नये असे माझे म्हणणे नाही. नियोजनाला आकडे लागतात हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने नाकारावे तरी कसे? परंतु ज्या यंत्रातून शिक्षकाकडे केवळ मागणी येते, मदत कधीच येत नाही, त्या यंत्राविषयी त्याला आपलेपणा वाटेल ही अपेक्षा अनाठायी आहे.

यंत्र आले म्हणजे काम सुधारले असे होत नाही, याला जगाच्या आर्थिक इतिहासातही मोठा दाखला आहे. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. पण अमेरिकेतील कारखान्यांची उत्पादकता विजेमुळे झपाट्याने वाढली ती १९२० नंतर. मधली चाळीस वर्षे कोठे गेली, हा प्रश्न पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली संगणकाच्याच संदर्भात विचारला. त्याचे उत्तर असे : कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी विजेची एक मोठी मोटर बसविली आणि बाकी सारे, म्हणजे छताला टांगलेले लांबच लांब दांडे, पट्टे, यंत्रांची मांडणी, होते तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटर मिळाली, कामाची जागा नव्याने आखली गेली आणि कामगाराला आपले यंत्र आपण बंद-चालू करता येऊ लागले, तेव्हा कोठे विजेचा गुण दिसला. आपल्या शाळांत मोटर बदलली आहे, दांडे-पट्टे जुनेच आहेत.

याच्या उलट टोकाची चूकही जगाने करून पाहिली. यंत्र थेट मुलाच्या हाती द्यावे, शिक्षकाची फिकीर करू नये, या विचारातून 'एका मुलाला एक लॅपटॉप' ही चळवळ निघाली. भारतातील तिचा पहिला प्रयोग २००७ साली झाला तो रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट येथील वीस-बावीस मुलांच्या शाळेत. तेथील मुलांचा उत्साह पाहून पुष्कळांनी भरभरून लिहिले. पेरू देशाने तर आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले यंत्र हाताळण्यात तरबेज झाली होती. गणित आणि भाषा या विषयांत मात्र मोजण्याजोगी प्रगती आढळली नाही. शिक्षकाला वळसा घालून वर्गात शिरण्याचा रस्ता अजून कोणाला सापडलेला नाही.

महाराष्ट्रात यशाची उदाहरणे नाहीत असे नव्हे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा राज्यातील पहिली डिजिटल शाळा म्हणून गाजली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडण्याची वाट दाखविली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पष्टेपाडा पाहून शेकडो शाळा अशा मार्गाला लागल्या, आणि बांदुराची दुसरी वाट, आपल्यासारख्याला करताना पाहण्याची, तेथे मोकळी झाली. या लाटेतील बहुसंख्य शाळांनी साधने घेतली ती गावाच्या वर्गणीतून, असे दिसते. वर्गणीच्या वस्तूचा जाब गाव विचारते, आणि गावाला ती वस्तू चालू हवी असते. लेखापरीक्षक विचारतो ते एवढेच की वस्तू आहे ना. अर्थात वर्गणीचा हा मार्ग सर्वत्र चालावा असे मी म्हणणार नाही. अक्राणी तालुक्यातील जो बाप ऊसतोडीला वा गुजरातेत मजुरीला जातो, त्याने आपल्या मुलाच्या सरकारी शाळेसाठी प्रोजेक्टरची वर्गणी द्यावी, ही सूचना करताना थोडी लाज वाटावयास हवी.

आणि यंत्र हाताळण्याची धमक सातपुड्यात नाही, असे तर कोणी म्हणूच नये. याच अक्राणी तालुक्यातील बिलगावात २००३ साली केरळातून आलेल्या तरुण तंत्रज्ञांच्या मदतीने गावकऱ्यांनी श्रमदानातून बंधारा घातला, सूक्ष्म जलविद्युत केंद्र उभारले आणि आपल्या पाड्यांवर दिवे लावले. हे केंद्र २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाले, ही गोष्ट निराळी. बंधारा त्यांचा होता आणि वीजही त्यांची होती. ते बिघडले असते तर वसुलीची नोटीस येणार नव्हती.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या परवानगीने, किंबहुना थोड्या आग्रहाने, आमच्या विद्यार्थ्यांनी ती झूल काढली. चौथीतील एक मुलगी आपल्या गावाचे नाव लिहावयास बसली. घरी ती पावरी बोलते, शाळेत मराठी; इंग्रजी अक्षरांच्या आधाराने मराठी लिहिण्याची शहरी युक्ती तिच्या काय कामाची? सुदैवाने त्या यंत्रात इनस्क्रिप्ट कळफलक होता, जो १९९१ सालीच भारतीय मानकात समाविष्ट झालेला आहे. 'तोर' लवकर झाले. 'ण' काही सापडेना. पुष्कळ शोधाशोध झाल्यावर कळले की तो 'म'च्याच कळीवर, वरच्या घरात आहे. शिफ्टची कळ दाबून धरावी लागते. पुढे 'मा' लिहून झाला आणि 'ळ'पाशी ती पुन्हा थांबली. मग कोणी न सांगता तिने 'ल'ची कळ शोधली, शिफ्ट दाबली, आणि 'ळ' उमटला. मागे उभे असलेले गुरुजी म्हणाले, "मी परीक्षा पास झालो सर, पण हे मला ठाऊक नव्हतं." त्यानंतर तासभर खुर्चीत मुलीऐवजी गुरुजीच बसले होते. त्यांनी शाळेच्या पटावरील सगळी नावे लिहून काढली. हजेरीसाठी नव्हे, उगाचच.

त्या तासाची किंमत काय? कळफलक फुटला असता तर चारपाचशे रुपये. समग्र शिक्षा योजनेत तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाकाठी दहा हजार रुपयांचे संयुक्त अनुदान धरलेले असते. खडूपासून स्वच्छतेपर्यंत सारे त्यात भागवावयाचे असते. त्यातून दुरुस्तीचे चारपाचशे काढणे गुरुजींना जड जाते, हे दिसतेच. दुरुस्तीसाठी यंत्र शहाद्यास न्यावयाचे तर घाट उतरावा लागतो, त्या दिवसाची रजा आणि भाडे पदरचे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड जोडण्या देण्याची घोषणा झाली. घोषणा स्वागतार्ह आहे. प्राथमिक शाळा तीत नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. परंतु तार आली तरी ती झुलीखाली जाणार असेल तर काय उपयोग?

म्हणून मागणी अगदी साधी आणि वहीपुरतीच आहे. शाळेतील संगणकाला व्यापाऱ्याच्या संगणकाप्रमाणे घसारा लागू करावा आणि पाच वर्षांनी तो आपोआप निर्लेखित समजावा. वर्गात वापरताना झालेल्या बिघाडाला शिक्षकाची वैयक्तिक जबाबदारी नाही, असा स्पष्ट आदेश काढावा. चोरी आणि हेळसांड यांची गोष्ट वेगळी. दुरुस्तीसाठी संयुक्त अनुदानाबाहेर काही रक्कम मुख्याध्यापकाच्या हाती असावी, आणि केंद्रातील दहा-बारा शाळांमागे एक फिरता दुरुस्तीकार नेमावा. सायकलवाला गावोगाव असतो तसा. यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप येईल की यामुळे बेजबाबदारपणा बोकाळेल, वस्तू गहाळ होतील. काही होतीलही. पण न वापरता कुजलेल्या यंत्रांचा तोटा आज कोणत्याच वहीत लिहिला जात नाही, एवढ्याचसाठी तो तोटा नाही असे मानावयाचे काय? पडताळणीत हा संगणक 'सुस्थितीत' म्हणून दरसाल नोंदला जातो.

शिबिर आटोपून निघताना हे सारे गुरुजींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, झुलीची घडी घातली आणि विचारले, "असं लेखी कुठं आलंय का, सर?"